समुद्रावर मित्राची फिरकी: घाटावरच्या नवशिक्यांसाठी

कृष्णेत नाहीतर कोयनेच्या फुगवट्यावर चिलापी-मरळ धरून हात बसला की सांगली-साताऱ्याच्या पोरांना समुद्राची हाव सुटते. मग एका शुक्रवारी रात्री गाडी निघते. साताऱ्याची मंडळी कराड-पाटणवरनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर नाहीतर हर्णै गाठतात. सांगलीकर कोल्हापूरवरून आंबा घाटानं रत्नागिरी, किंवा गगनबावड्यानं मालवण. रॉड कुठला, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किती जाड, गळ कितीचा हे सांगणारे पुढं शंभर भेटतात. पण एका होडीत सकाळभर कोंडलेल्या पाच-सहा मित्रांनी एकमेकांची चेष्टा कशी करायची, हे कुणी शिकवत नाही. आणि नवखा गडी मासा धरण्यात जेवढा चुकत नाही, तेवढा इथं चुकतो.

कारण साधं आहे. चौकात चेष्टा अंगाशी आली तर समोरचा उठून जातो, दोन दिवस बोलत नाही, मग चहाच्या टपरीवर पुन्हा भेटतो. होडीवरून रुसून उतरता येत नाही. ज्याला तुम्ही डिवचलंय तो उरलेली सगळी वेळ तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणार असतो, शिवाय त्याच्या हातात गळ असतो. म्हणून समुद्रावरच्या फिरकीची कसोटी एकच: ज्याची घेतली तो मिनिटभरात स्वतः हसला पाहिजे, आणि त्या मिनिटात त्याला जिवाची भीती एकदाही वाटता कामा नये. खाली दिलेल्या सगळ्या गमती या कसोटीला उतरलेल्या आहेत. न उतरलेल्यांचीही यादी दिली आहे, ती आधी वाचली तरी चालेल.

आधी बकरा ठरवा

पहिल्यांदाच समुद्र बघणारा, पोहता न येणारा आणि होडी सुटल्यावर गप्प झालेला, ही तीन माणसं बाद. गप्प झालेल्याला तर हातच लावू नका. त्याला बोट लागायला लागली आहे. त्याला क्षितिजाकडं बघत बसू द्या, वाऱ्याच्या बाजूला जागा द्या, डिझेलच्या धुरापासून लांब ठेवा. ओकणाऱ्या माणसावर हसणं ही फिरकी नव्हे.

दाजी आणि मेहुणे यांच्याबाबत मी सल्ला देणार नाही. ज्याचं घर त्यानं सांभाळावं.

उत्तम बकरा म्हणजे ज्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून महागाचा रॉड घेतलाय, जो घाट उतरताना रात्री दोन वाजता सगळ्यांना सुरमई कशी खेळवायची ते सांगतोय, आणि ज्याच्या टोपीचं लेबल अजून निघालेलं नाही. अशा माणसाला फिरकी लागते, मानवते आणि पुढच्या लग्नात तोच ती रंगवून सांगतो.

तांडेलाला कटात घ्या

होडी तांडेलाची, म्हणजे ती चालवणाऱ्याची आहे. तिथं काय चालेल आणि काय नाही हे तोच ठरवणार. आदल्या संध्याकाळी फोन करून भाडं, वेळ, आमिष हे बोलता बोलताच सांगून टाका, ‘तात्या, आमच्यातल्या एकाची जरा मजा करायची आहे, चालेल ना?’ नाही म्हणाला तर विषय संपला. पण बहुतेक वेळा तो तुमच्याहून उत्साही निघतो. घाटावरच्या पाहुण्यांना येड्यात काढायचा त्याचा अनुभव तुमच्यापेक्षा दांडगा असतो, आणि चेहरा तर असा कोरा ठेवतो की पोलिसही फसावेत.

वेळही त्यालाच विचारा. सकाळी वारा जमिनीकडून असतो, पाणी बसलेलं असतं. दुपारी समुद्राकडून वारा लागला की होडी डुलायला लागते आणि तेव्हा प्रत्येकाचा एक हात कशाला तरी धरलेला हवा. म्हणजे चेष्टा करायची ती नांगर टाकल्यावर, सकाळच्या पहिल्या तासा-दीड तासात. होडी चालू असताना, नांगर टाकताना, काढताना आणि धक्क्यावर चढता-उतरताना अजिबात नाही.

एक गोष्ट त्याच्यासमोर करायची नाही. त्याच्या होडीच्या पुढच्या टोकाला हार असेल, नारळ असेल, होडीत पाय ठेवण्याआधी तो नमस्कार करेल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारी ही माणसं आहेत. त्या नमस्काराची नक्कल करून हसवायला जाल तर तो काही बोलणार नाही, पण मासे लागतात त्या जागेवर तुम्हाला नेणारही नाही.

भडंगाचं आमिष

सुरुवात गाडी निघण्याआधी, सामानाच्या यादीपासून. सगळ्यांना जी यादी पाठवाल त्यात बकऱ्याच्या वाट्याला एक ओळ जास्त घाला: ‘सांगलीची भडंग, एक किलो, तिखट. बांगड्याला लागते.’ कारण विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. दुसऱ्यानं मध्येच म्हणायचं, ‘लसणाच्या वासाला येतो रे तो.’ एवढं पुरे. खोटं जितकं थोडक्यात सांगाल तितकं टिकतं.

होडीवर बाकीच्यांना तांडेल कोळंबीचे तुकडे देतो. बकऱ्यापुढं भडंगाची पिशवी. आता बघत राहायचं. तो कुरमुरा बोटाच्या चिमटीत धरतो, गळाचं टोक लावतो, कुरमुरा दुभंगतो. दुसरा घेतो, तोही फुटतो. मग शेंगदाण्यावर येतो. शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या होऊन एक पाण्यात, एक पायाशी. तेलानं बोटं लाल झालेली, गळ निसटतोय, आणि शेजारी तांडेल गंभीरपणे सांगतोय की कढीपत्त्याच्या पानात गुंडाळून लाव. इथंच थांबायचं. तेलकट बोटात गळ घुसायला वेळ लागत नाही, म्हणून पाचव्या-सहाव्या कुरमुऱ्याच्या आत कुणीतरी पिशवी ओढून घेऊन खायला सुरुवात करावी. बकऱ्याला कळतं, तो शिव्या देतो, आणि सगळे भडंग खातात.

नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी. काही तुटत नाही आणि कुणी भिजत नाही.

दोरीला हात

ही सगळ्यात जुनी गंमत आणि सगळ्यात जास्त बिघडवलेली. मित्र शेजाऱ्याशी बोलत असताना त्याची तंगूस हळूच ओढायची, म्हणजे त्याला वाटतं मासा लागला.

बिघडते कारण लोक जोरात ओढतात. तळाचा मासा आधी टोचतो: टक, टक, मग गप्प, मग एकदम जड होतो. तुमच्या बोटानं पहिल्या दोन टक-टकच करायच्या आणि सोडून द्यायचं. बकरा सावध होऊन बसतो, श्वास रोखतो, कुणी बोललं तर ‘शूऽऽ’ करतो. ती त्याची पाच मिनिटं हीच खरी गंमत. रॉडचं टोक आधीच वाकलेलं असेल तर हात लावायचा नाही, कारण तिथं खरंच कुणीतरी असतं. हातगरी, म्हणजे रॉडशिवाय नुसती हातात धरलेली दोरी, असेल तर बोटाला तंगूस गुंडाळून ओढू नका. खालून मोठा मासा लागला तर तंगूस कातडीत रुतते.

आणि एका माणसावर दोनदाच. त्याचा आपल्या दोरीवरचा भरवसा उडाला की तो खऱ्या माशालाही झटका देत नाही, आणि मग त्याचा दिवस तुम्ही वाया घालवलेला असतो.

नांगर टाकल्यावर सांगलीकरांनी करायची एक तोंडी गंमतही आहे. तांडेलाला विचारायचं, ‘पाणी किती?’ तो वावात सांगतो. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. बारा वाव म्हणाला की लगेच एकानं मोबाईल कानाला लावून गंभीर आवाजात, ‘हॅलो, आयर्विनला पातळी 72 फूट. हो, हो, इशारा 40, धोका 45, सगळं मागं राहिलं.’ सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात आयर्विन पुलावरचे कृष्णेच्या पुराचे हे आकडे पाठ असतात, त्यामुळं हसू हमखास येतं. फक्त ऑगस्ट 2019 ला ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं तो होडीत नाही, हे आधी बघा.

सुका बांगडा

आता मुख्य पदार्थ. बकऱ्याच्या गळाला समुद्रातून वाळवलेला, खारवलेला बांगडा निघाला पाहिजे.

बांगडा आठवडी बाजारातून आणा. अख्खा, डोक्यासकट, फार मोडलेला नको. वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत आणि वर घट्ट पिशवीत बांधा, नाहीतर वास घाटातच बिंग फोडतो. गाडीत कुणी ‘कसला वास येतोय’ म्हणालं तर ‘आमिषाचा’ म्हणायचं. ते खोटंही नाही.

होडीवर संधीची वाट बघायची. बकऱ्याची दोरी तळाला असताना काही करता येत नाही. बारा-पंधरा वाव दोरी वर घ्यायला वेळ लागतो आणि तो बघतो. तो आमिष बदलायला दोरी वर घेतो, रॉड टेकवून चहा घ्यायला वळतो, तो तुमचा क्षण. चहा देणारा कटातला हवा आणि कप गरम हवा, म्हणजे दोन्ही हात अडकतात. ‘डॉल्फिन!’ म्हणून ओरडायचा मोह आवरा. कोकणच्या किनाऱ्याला डॉल्फिन दिसतातही, पण त्या हाकेनं सगळी होडी एका बाजूला पळते आणि लहान होडी तेवढ्यानंच कलते.

बांगड्याच्या डोळ्याच्या खोबणीतून गळ आरपार घाला. शेपटाकडून घातला तर ओल्या झालेल्या मासातून सुटून येतो. मग हळूच पाण्यात सोडा, दोन-तीन वावांपेक्षा खोल नको, आणि रीलला अटकाव लावा. बांगडा पाण्यात फार वेळ राहिला तर फुगून मऊ होतो आणि निम्मा गळून पडतो, म्हणून बकरा परत बसला की लगेच दोरीला दोन टक-टक द्या, आणि पलीकडच्यानं ओरडायचं, ‘अरे ओढतंय, ओढतंय!’

बकरा उठतो. रॉड छातीशी घेतो. बाकीचे सल्ले द्यायला लागतात: ढिली सोड, घट्ट धर, होडीखाली जाईल बघ. पाण्यातून वर येताना सुका बांगडाही क्षणभर चमकतो, त्यामुळं बकऱ्याच्या तोंडून ‘आला, आला’ निघतंच. मग तो पाण्याबाहेर येऊन रॉडला लटकतो. पोट चिरलेलं, मीठ लागलेलं, अंग फळीसारखं ताठ. बकरा त्याच्याकडं बघतो, मग तांडेलाकडं. इथं तांडेलाचं वाक्य आधी ठरवून ठेवलेलं असावं. मालवणात ऐकलेलं एक देतो, याहून चांगलं सुचणं अवघड आहे: ‘हो बांगडो खारवूनच इलो मरे, आता फकत भाजूचो.’

बांगडा परत पाण्यात फेकायचा नाही, पिशवीत घालून घरी न्यायचा. रात्री चुलीवर भाजून भाकरीबरोबर लागतो. बांगडा नसेल तर काही जण बकऱ्याचीच चप्पल बांधतात. चालतं, पण गाठ सुटली तर ती समुद्रात जाते, आणि बकरा अनवाणी घाट चढतो. समुद्रात काहीही टाकून यायचं नाही हा तांडेलाचा नियम चेष्टेलाही लागू आहे. आणि पाण्यात सोडलेला सुका बांगडा खरंच कुणी मोठ्यानं येऊन ओढला, तर त्या दिवसाचे बकरे तुम्ही.

याला हात लावायचा नाही

होडी बुडतेय, पाणी शिरलंय, माणूस पडला, इंजिन गेलं, यातलं काहीही गमतीनं ओरडायचं नाही. सांगलीकरांनी तर हे उच्चारूही नये. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. वायरलेसला हात लावायचा नाही. 16 नंबरचा चॅनेल जगभर संकटाच्या हाकेसाठी आहे. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर मोबाईलमध्ये असू द्यात, पण गरजेपुरते. खोट्या हाकेनं शोधाला बोट निघते, आणि त्या वेळात खरा बुडणारा दुसरीकडं असू शकतो.

लाईफ जॅकेट लपवणं, त्याचे पट्टे सोडणं, कुणाला पाण्यात ढकलणं, होडी हलवणं, हे सगळं बाद. नदीत पोहणाऱ्यालाही समुद्राचा ओढ नवीन असतो.

गोळ्यांची गंमत नाही. बोट लागू नये म्हणून लोक ॲव्होमिनसारखी गोळी घेतात, तिनं झोप येते. ती दुसऱ्याच्या चहात घालणं किंवा तिच्या जागी भलतंच देणं हा गाढवपणा आहे. दारूचं तेच, पिणाऱ्यांनी ती किनाऱ्यावर ठेवावी.

पकडलेला मासा मित्राच्या अंगावर टाकणं किंवा खिशात घालणं नवख्याला फार सुचतं. नका करू. शिंगाळा माशाच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, ते घुसले की ठणका दिवसभर राहतो. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो. केंड मासा फुगला की गमतीदार दिसतो, पण त्याचं विष शिजवूनही जात नाही, त्यामुळं ‘हा खा, चवीला कोंबडीसारखा’ ही चेष्टा दवाखान्यात संपते, तीही नशीब असेल तर. आणि वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप वर आला तर तो समुद्रसाप आहे, जहाल विषारी. तांडेलाला हाक मारा, स्वतः शहाणपणा करू नका. रबरी साप न्यायचा बेतही याच कारणानं रद्द करा: घाबरलेला माणूस होडीत मागं उडी मारतो, आणि मागं पाणी असतं.

मेणाचा गोळा दाखवून ‘व्हेलची उलटी सापडली, कोट्यवधीची आहे’ अशी टोपी घालणारेही आहेत. होडीत हसू येतं खरं. पण तो फोटो बकऱ्यानं चार ग्रुपवर टाकला तर हसणारे कमी आणि चौकशीला येणारे जास्त. खरी उलटी बाळगणं आणि विकणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

फोटोचं असंच. बकऱ्याचा व्हिडिओ काढा, पण ग्रुपवर टाकण्याआधी त्याला दाखवा. किनाऱ्यापासून लांब गेलं की तसंही रेंज जाते. तेवढ्या वेळात तुमचा उत्साह आणि त्याचा राग, दोन्ही उतरतात.

वजनाची पैज

कुणाचा मासा मोठा यावर पैज लागलेली असेल तर वजन करताना बकऱ्याच्या माशाच्या तोंडातून दोन गुळगुळीत गोटे आत सरकवायचे आणि त्यालाच जिंकू द्यायचं. तो बक्षीस घेऊन भाषण करत असताना मासा शेपटीला धरून उलटा करायचा. गोटेच वापरा, दोरीचं शिसं नाही. तो मासा खायचा आहे. 2022 मध्ये अमेरिकेत इरी सरोवरावरच्या स्पर्धेत दोघांच्या माशांच्या पोटात शिशाचे गोळे निघाले आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं. म्हणून जिथं खरे पैसे लागलेत तिथं ही गंमत करायची नाही. हरणाऱ्यानं घाटात चहा पाजायचा, एवढीच पैज ठेवा.

खोक्यातला ऊस

शेवटची फिरकी घरी उघडते, आणि ती फक्त आपल्याकडच्यांनाच नीट जमते. तिला हंगामही साथ देतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. म्हणजे आपल्या सहली हिवाळ्यात निघतात, आणि तेव्हाच रानात ऊस उभा असतो.

निघताना ऊसाची दोन-तीन कांडी, थर्माकोलच्या खोक्यात बसतील एवढी तोडून, गाडीच्या मागच्या सीटखाली टाका. परतताना चहाला गाडी थांबली की बकऱ्याची सुरमई दुसऱ्या खोक्यात, भरपूर बर्फात हलवा. ऊस ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या जागी, वर बर्फाचा थर, आणि चिकटपट्टी होती तशीच. उचलून बघा, वजन साधारण तेवढंच वाटलं पाहिजे. बकरा वाटेत घरी फोन करतो, ‘मसाला वाटून ठेव, सुरमई आणतोय.’ हा फोन झाला की तुम्ही दुसरा फोन करायचा, वहिनींना.

हा फोन चुकवू नका. वहिनींना माहीत नसेल तर खोबरं-लसूण वाटून, पाहुण्यांना सांगून त्या बसलेल्या असतात, आणि मग फिरकी बकऱ्याची न राहता त्यांची होते. माहीत असेल तर मात्र त्या तुमच्याहून पुढं जातात. एका घरी खोकं उघडल्यावर वहिनींनी ऊस हातात घेऊन, फिरवून, अगदी शांतपणे विचारलं होतं, ‘अहो, सुरमईला पेरं कधीपासून यायला लागली?’

सुरमई गाडीतच असते, ती दहा मिनिटांच्या आत आणून द्या. बर्फ संपत आलेला असतो. मासा साफ करायचं काम ज्यानं ऊस भरला त्याचं, आणि ओटा धुवायचंही. ऊस पोरांना द्या.